आजेसासूबाईंच्या डबीतले ताईत आणि नखं : बाळाला घालावं की नाही?

गोदाकाठची_सून

नमस्कार मंडळी. आमचं बाळ दीड महिन्याचं आहे. परवा सासूबाईंनी माळ्यावरून एक पितळी डबी काढायला लावली. डबी आजेसासूबाईंची. जुन्या नाशकातला वाडा उतरवला तेव्हा हंडे, कळशा, घंगाळं सगळं मोडीत गेलं, ही तेवढी मागे राहिली.

आत काय निघालं ते सांगते. चांदीचा नळीसारखा ताईत, बोटाच्या दोन पेरांएवढा, दोन्ही टोकांना टोपणं. चांदीतच बसवलेली दोन नखं, टोकं बाहेरच्या बाजूला; सासूबाई म्हणतात वाघाची आहेत. गुंजांची ओवलेली माळ. काळा कुळकुळीत, गोटीएवढा एक मणी, त्याला त्या बजरबट्टू म्हणतात. फडक्यात बांधलेला वेखंडाचा तुकडा. आणि सटवाईचा टाक, नाकडोळे झिजून पार सपाट झालेला.

आता घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाईंचं म्हणणं, बाळाला पहिल्यांदा काळारामाला न्यायचंय, गर्दीत कुणाकुणाच्या नजरा, तेव्हा नखं आणि ताईत गळ्यात असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, सगळं गंगेत सोडा आणि मोकळे व्हा. मी मध्ये. माझा ह्यावर विश्वास आहे असं छातीठोक म्हणणार नाही, पण रोज आंघोळीनंतर गालाला आणि तळपायाला तीट मीच लावते, आणि राहिली तर दिवसभर हुरहुर लागते. म्हणून काय ते ठरवायच्या आधी हे आहे तरी काय ते कळून घ्यायचंय. कुठली वस्तू कशासाठी? ताईत उघडला तर चालतो का? नखं खरी असली तर कायद्याची काही भानगड आहे का?

लिंबू-मिरचीवरचे विनोद कृपया नकोत, ते आमच्या फॅमिली ग्रुपवर करून झालेत.

सरळबोल

तुमच्या मिस्टरांना अनुमोदन. फक्त गंगेत टाकू नका, रामकुंडात निर्माल्य काय कमी पडतंय का. मोडीत द्या आणि बाळाच्या नावानं पैसे टाका.

सराफातला_जुना

ताई, मोडीचं मनावर घेऊ नका. असल्या ताइताचा पत्रा इतका पातळ असतो की आटवल्यावर घट जाऊन हाती काही लागत नाही.

माझी हयात सराफ बाजारात गेली. वडिलांच्या हाताखाली पहिलं काम शिकलो ते ताइताचंच, कारण नवख्या पोराच्या हातात सोनं कोण देतो? पत्रा सळईवर वळवायचा, सांध्याला डाख लावायचा, एक टोपण कायमचं बसवायचं, दुसरं उघडं ठेवायचं. आत घालायची वस्तू गिऱ्हाईक घेऊन यायचं. कुणी भूर्जपत्रावर लिहून आणलेलं, कुणी बड्या दर्ग्यावरून आणलेली घडीची चिठ्ठी, कुणी वणीच्या सप्तशृंगीचं कुंकू, कुणी नुसता अंगारा. एकाच दिवशी एकाच पाटावर हे सगळं यायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. वडिलांचा दंडक एकच, चिठ्ठी वाचायची नाही. भरायची, लाख ओतायची, टोपण दाबायचं, पुढचं गिऱ्हाईक.

तेव्हा तुमच्या ताइतात काय आहे ते बाहेरून कुणालाच सांगता येणार नाही. जो हातात घेऊन डोळे मिटून सांगेल त्याच्या वाटेला जाऊ नका, तो पुढच्या वाक्यात पूजेचा खर्च सांगणार. खरं सांगू का, पुष्कळ ताइतांत काही नसतंच. पोर पडतं, धडपडतं, ताईत तोंडात घालून चावतं, पत्रा चेपतो. म्हणून पोकळ दागिन्यात नुसती लाख भरायची पद्धत आहे. दोन्ही टोपणं डाख लावून बंद असतील तर बहुधा तोच प्रकार. एका टोपणाच्या कडेला तपकिरी रेघ दिसली तर ते लाखेवर बसवलंय, म्हणजे उघडण्याच्या हिशोबानंच केलेलं. उघडलं तर बिघडत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र घरच्या घरी बघा. ताइताच्या कड्या, ज्यांतून दोरा जातो, त्यांची आतली बाजू नखानं चाचपा. नवी कडी सगळीकडून सारखी जाड असते. वर्षानुवर्षं दोरा घासला की ती वरच्या अंगाला झिजते, पार केसाएवढी होते. तशी असेल तर तो ताईत एका लेकराचा नव्हे, तुमच्या सासरच्या कितीतरी लेकरांच्या गळ्यातून फिरलाय.

आता कशाला काय. ह्यातल्या काही वस्तू दिसण्यासाठी आहेत आणि काही लपण्यासाठी. वाघनख, काळे मणी, बजरबट्टू, तुमची तीट, ह्या उठून दिसायलाच हव्यात. बघणाऱ्याची पहिली नजर तिथे खर्ची पडावी, लेकरावर उरलीसुरली यावी, असा तो हिशोब. तीट म्हणजे तर आपणच आधी काढून ठेवलेली खोट. नावांतसुद्धा हाच हिशोब असायचा. आधीची पोरं गेली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरबा म्हणायचं, मुलाचं नाक टोचायचं, किंवा शेजारणीच्या ओटीत घालून मूठभर धान्याला परत विकत घ्यायचं. म्हणजे न्यायला आलेल्याला वाटावं की हे कुणाचं तरी टाकलेलं पोर आहे, ह्यात काय घ्यायचं! माझे थोरले काका धोंडू होते. चांगले नव्वदीपर्यंत जगले आणि जन्मभर त्या नावावर चिडले.

ताईत आणि वेखंड ही लपायची जात. ताईत झबल्याच्या आत. वेखंडाला उग्र वास, तो उगाळून चाटवायचे आणि तुकडा मनगटाला किंवा पाळण्याला बांधायचे. टाक देवघरातला, तो अंगावर घालत नाहीत.

नखांबद्दल जरा सबुरीनं घ्या. टोकं बाहेर ठेवायची कारण वाघाचं बळ आत लेकराला आणि धाक बाहेरच्याला, अशी समजूत. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ पहिल्या अनुसूचीत आहे. मालकीचं प्रमाणपत्र नसताना नख जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा घरोघरच्या डब्यांकडे कुणी बघितलंय म्हणा. आज कुठलाही शहाणा सराफ त्या नखाला डाख लावून देणार नाही. देवळात तर ते मुळीच नेऊ नका, कुणीतरी फोटो काढतोच. मात्र बाजारात फिरलेली बरीचशी नखं गुराच्या शिंगाची असतात, जुनीसुद्धा. नक्की करून घ्यायचं तर वनखात्याकडे लेखी अर्ज देऊन दाखवा.

गुंजा वाचून मात्र बरं वाटलं. आमच्या गल्ल्यात त्या वजनाला असायच्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. लाल अंगाला काळा डोळा, म्हणून ती नजरेला नजर भिडवणारी बी. पण ती माळ आजच्या आज बाळापासून लांब ठेवा. कारण इथलं कुणी दवाखान्यातलं माणूस जास्त नीट सांगेल.

माझं मत विचाराल तर अशी डबी म्हणजे त्या घरच्या बायकांच्या भीतीची यादी असते. एकेक भीती, तिच्यावर एकेक उपाय. त्यातली कुठली भीती आज उरलीय आणि कुठली दुसऱ्याच औषधानं गेलीय, तेवढं बघितलंत की काय घालायचं आणि काय ठेवून द्यायचं ते आपोआप ठरेल.

निवृत्त_सिस्टर

काकांनी हाक मारलीच आहे तर बोलते. पेठ-सुरगाण्याकडे उपकेंद्रावर वर्षानुवर्षं बाळंतपणं केली.

आधी गुंजा. त्यात अॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. अख्खी बी गिळली तर वरचं कवच कठीण असल्यानं ती बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. पण तुमची माळ ओवलेली आहे, म्हणजे प्रत्येक बीला भोक पाडलंय, कवच फुटलंय. असली बी बाळानं चघळली तर जिवाशी गाठ. काचेच्या बरणीत घालून कुलपात ठेवा. डबीत बिब्बा नाही हे बरं. त्याच्या तेलानं बाळांच्या पोटाला फोड आलेले मी बघितलेत. आणि गळ्यात कुठलाच दोरा नको, ताइताचा नको न् देवाचाही नको. झोपेत आवळतो. काजळ घरचं असो की बाजारचं, डोळ्यांत घालू नका. सुरम्यात तर शिसं असतं. गालावर तीट लावा की, तिला कोण नाही म्हणतंय.

आता टाक. सटवाईची पूजा पाचवीलाच का? बाळाच्या कपाळी ती नशीब लिहून जाते म्हणून रात्री कोरा कागद, लेखणी ठेवतात, पाटा-वरवंटा पुजतात, दिवा विझू देत नाहीत, बायका जागतात. मला कारण दिसतं ते हे. पूर्वी नाळ कापायला विळा, पातं, जे हाताला लागेल ते घ्यायचे, वर राख किंवा शेण लावायचे. त्यातून धनुर्वात व्हायचा, आणि नवजात बाळाचा धनुर्वात तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत कधीही उठतो. चांगलं पीत असलेलं बाळ एकाएकी दूध ओढायचं थांबतं, जबडा घट्ट मिटतो, अंग धनुष्यासारखं ताणतं. डोळ्यांदेखत जायचं. पाचवी-सहावीची रात्र जागून काढणाऱ्या बायका वेड्या नव्हत्या, घात कुठल्या दिवसांत होतो ते त्यांना पक्कं माहीत होतं. हातात इलाज नव्हता एवढंच. पुढे गरोदरपणी धनुर्वाताची लस आली, नाळेला निर्जंतुक पातं आलं, आणि माता-नवजात धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्या दिवशी मी घरी गोड केलं होतं. माझ्या हिशोबी तुमच्या सटवाईला ती रजा मिळाली.

राग मला एकाच गोष्टीचा येतो. साप चावलेलं पोर आधी मांत्रिकाकडे आणि निळं पडल्यावर आमच्याकडे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय: साप, कुत्रा, विंचू चावल्यावर माणसाला उपचारांपासून रोखून गंडेदोरे करणं गुन्हा आहे. हा कायदा व्हायला नरेंद्र दाभोलकरांचा जीव जावा लागला. पाळण्याला वेखंड बांधण्यावर कुणी खटला भरत नाही, घाबरू नका. पण बाळाला ताप आला तर आधी डॉक्टर. दृष्ट नंतर काढा.

जिवतीचा_कागद

सिस्टरांनी सटवाईचं सांगितलं, मी तिच्या बहिणीचं सांगतो. श्रावणात देवघरात जिवतीचा कागद लावतात तो सगळ्यांनी बघितलाय. नरसिंह, कालियामर्दन, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती, आणि मध्ये पोरांच्या गराड्यात बसलेल्या जरा-जिवंतिका. ही जरा मुळात महाभारतातली राक्षसी. दोन तुकड्यांत जन्मलेलं बाळ तिनं सांधलं, तोच जरासंध. पोरं खाणारीलाच पोरांची राखण सोपवायची, ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात हारीतीची मूर्ती बघा. तीही आधी लोकांची पोरं पळवून खायची. बुद्धानं तिचंच एक पोर लपवलं, तेव्हा आईचा जीव कसा तुटतो ते तिला कळलं आणि ती राखणदार झाली.

जगात इतरत्रही हेच. प्राचीन मेसोपोटेमियात लमाश्तू नावाची बया तान्ही बाळं न्यायची, म्हणून तिच्यापेक्षा भयंकर अशा पझुझूचं डोकं बाळंतिणीजवळ टांगायचे. चोरावर मोर! रोमन मुलांच्या गळ्यात बुल्ला असायचा, तो तर थेट आपला ताईतच. श्रीमंताचा सोन्याचा, गरिबाचा चामड्याचा. मुलगा वयात आला की तो काढून घरच्या देवांना वाहायचे. ताईत कधी उतरवायचा ते ठरलेलं असणं, हे मला आवडतं. आपल्याकडे करदोटा तुटेपर्यंत राहतो.

हल्ली मेन रोडला निळ्या काचेचे डोळे लटकलेले दिसतात ते तुर्कस्तान-ग्रीसकडचे. लोक ते सोफ्याच्या रंगाला जुळतात म्हणून घेतात. घेऊ देत. पण आपला गाठींचा प्रकार जास्त खोल आहे असं मला वाटतं: अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी, श्रावणी पौर्णिमेचं पोवतं, राखी. बांधणारं माणूस आपलं असतं.

आणि कवचच पाहिजे असेल तर नाशिककरांनी लांब कशाला जायचं? रामरक्षा दुसरं काय आहे. डोकं राघवानं राखावं, कपाळ दशरथाच्या मुलानं, डोळे कौसल्येच्या मुलानं, असं एकेक अवयव घेत पावलांपर्यंत येतात. तिन्हीसांजेला बाळाला मांडीवर घेऊन सासूबाईंना म्हणू द्या. दोराही लागत नाही.

सरळबोल

सिस्टर, धनुर्वाताचं माहीत नव्हतं. मोडीत द्यायचा सल्ला मागे.

गोदाकाठची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सिस्टरांचा प्रतिसाद ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की ह्यांच्या आधीचं एक बाळ आठव्या दिवशी गेलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे आज कळलं. ह्यांनाही.

गुंजा कुलपात गेल्या. वेखंड पाळण्याच्या दांडीला बांधलंय, बाळाचा हात पोचत नाही तिथे. टाक देवघरात.

ताइताच्या कड्या सांगितल्या तशाच निघाल्या, वरच्या अंगाला अगदी तार. तपकिरी रेघही दिसली, म्हणून सासूबाईंना घेऊनच सराफ बाजारात गेले. कारागिरानं टोपण हलकेच शेकलं, ते सुटलं. आत लाख अर्धीच होती. चिमट्यानं एक घडी काढली, कडा तपकिरी झालेल्या, उलगडताना एक कोपरा गळून पडला. त्यावर शाईनं नऊ घरं आणि मराठी आकडे. वरच्या ओळीत २, ९, ४. मधल्या ओळीत ७, ५, ३. खाली ६, १, ८. बाकी एक अक्षर नाही. सासूबाईंना वाटलं होतं देवीचं काहीतरी असेल, त्या जरा हिरमुसल्या. हे काय असावं? आणि हा कागद पुन्हा आत घालता येतो का?

नखं कारागिरानं भिंगातून बघितली. म्हणाला शिंग वाटतंय, पण मी लिहून देणार नाही. हे सोमवारी वनखात्याकडे अर्ज घेऊन जाणार आहेत. काळारामाला जाताना बाळाच्या गालावर नेहमीपेक्षा मोठी तीट, एवढ्यावर तह झालाय.

सराफातला_जुना

सासूबाईंना सांगा हिरमुसू नका, चांगली वस्तू निघाली. हे पंधराचं यंत्र. आडवी बेरीज करा, उभी करा, तिरकी करा, पंधराच येते. कुठूनही शिरलं तरी आकडा बदलत नाही. बाहेरून काही घुसायला फटच नाही, म्हणून ते रक्षणाचं.

आमच्याकडे दर्ग्यावरून यायच्या त्या चिठ्ठ्यांची घडी कधी आपोआप उलगडायची, तेव्हा नजर जायचीच. कितीतरींत हाच चौकोन असायचा, फक्त आकडे त्यांच्या लिपीत. चार कोपऱ्यांत तुमच्यासारखेच २, ४, ६, ८. त्या आकड्यांची अरबी अक्षरं जोडून त्यांच्यात 'बदूह' म्हणतात, तेही रक्षणाचंच. चिनी लोकांतही हाच चौकोन, त्यांच्या कथेत तो नदीतून वर आलेल्या कासवाच्या पाठीवर दिसला. तेव्हा तुमच्या आजेसासूबाईंना कागद भटजींनी दिला की फकिरानं, ते आकड्यांवरून कळायचं नाही. आकडे मराठी आहेत एवढ्यावर काही ठरवू नका, मराठी लिहिणारे फकीरही होते.

गोदाकाठची_सून

काका, सासूबाई खूश झाल्या, बोटांवर बेरजा करत बसल्यात. आता आत काय घालू ते सांगा. हाच कागद परत, की नवा?

सराफातला_जुना

जुना कागद आता परत घडी झेपणार नाही. तो दोन काचांत ठेवा, कडांना पट्टी लावून. प्लास्टिकचं लॅमिनेशन मुळीच नको, उष्णतेनं शाई पसरते.

नवा चौकोन सासूबाईंच्या हातानंच लिहून घ्या, त्यांचं अक्षर राहील. हातकागद घ्या, नाहीतर पूजेच्या दुकानातलं भूर्जपत्र. बॉलपेन नको, साधी काळी शाई. वाळू द्या, मग घडी घाला. ताईत बाळाच्या गळ्यात नाही, पाळण्याच्या वरच्या आडव्या दांडीला घट्ट शिवून टाका, सिस्टरांचंही समाधान. पण त्याआधी कड्या बदलून घ्या, त्या आता धरणार नाहीत. तुटून ताईत खाली पडला तर बाळ तो तोंडात घालेल ते वेगळंच. जुन्या कड्या मागून घ्या, कारागीर मोडीत टाकतो. आणि डाख लावायचं काम आधी उरकून घ्या, कागद सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर कागद आतल्या आत करपतो आणि लाखेचा धूर दिवसभर दुकानात राहतो.